थोडी राणी

जुरोंग ईस्टच्या मॉलमध्ये एक चिनी म्हातारा आपल्या संग्रहातली हवाई बेटांची स्मारक नाणी आणि पदकं मांडून बसला होता. तिथल्या राणीचा चेहरा कोरलेलं एक चांदीचं पदक पार काळवंडलं होतं. मी ते रुमालाने पुसायला घेतलं, तर त्याने चक्क माझं मनगट धरलं.

"घासलं की काळं जातं, पण दर वेळी थोडी राणीही जाते, लाह," इथल्या बोलण्याच्या लकबीत म्हणाला आणि पदक दोन बोटांनी कडेला धरून काढून घेतलं.

चार लोकांत माझा हात धरतो? चांदी कशी ठेवायची हे मला शिकवतो? दर दिवाळीला रांगोळीने घासते मी. सेंगकांगला घरी पोचेपर्यंत एमआरटी ट्रेनमध्ये मनातल्या मनात त्याला सुनावत होते.

घरी नवऱ्याला दाखवायला देव्हाऱ्यातलं चांदीचं नाणं काढलं. लख्ख होतं. लक्ष्मीला नाकडोळे उरले नव्हते.