‘कळलं’ म्हणायचं काम

एका जागी बसणं मला कधी जमलंच नाही, आणि आमच्या घरचा धंदा सगळा बसून करायचा. शाळा सुटलेल्या मुलींना घरी शिकून बाहेरून दहावीला बसता यावं म्हणून अप्पा धडे लिहीत. आई ते स्टेन्सिलवर उतरवी. मळमड्डी भागातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. त्यावर प्रती काढायच्या, टाचायच्या आणि पाकिटं पोस्टात टाकायची. ऐंशीच्या आसपासची ही गोष्ट.

माझं काम एकच. धडा स्टेन्सिलवर जाण्याआधी तो वाचायचा आणि ‘कळलं’ म्हणायचं. नाही कळलं तर अप्पा तो पुन्हा लिहीत, अगदी न कुरकुरता.

“तिथं त्या पोरीला विचारायला कोण नाही,” ते म्हणत. “म्हणून तू विचार की.”

मला त्या कामाचा मनस्वी कंटाळा यायचा. सगळं जग बाहेर चाललंय आणि मी तेवढी आत अडकलेय, असं वाटायचं.

त्या दिवशी शाळेच्या थ्रोबॉल संघाची निवड होती. मैत्रिणी फाटकाशी हाका मारत होत्या आणि माझ्यापुढे बीजगणिताचा धडा, अवयव पाडण्याचा. तिसऱ्या ओळीतून चौथी कशी आली, काही केल्या उमगेना. विचारलं असतं तर अप्पांनी अर्धा तास सहज घेतला असता.

“कळलं न्हवं?”

“कळलं,” म्हणत मी बाहेर पळाले. संघात निवड झाली आणि आठवडाभर मी हवेत होते.

दीड-दोन महिन्यांनी अळणावरजवळच्या एका खेड्यातून पत्र आलं. मुलगी माझ्याच वयाची. ‘सर, अवयवांचा धडा पंधरा वेळा वाचला. घरचे म्हणतात, हिला डोकं नाही. ते खरंच असणार. पुढचे धडे धाडू नका.’

अप्पांनी ते आईला वाचून दाखवलं. “आमच्या पोरीला एकदा वाचून कळलं की,” ते हळहळले. “काही जणींना नाही जमत. काय करायचं?” आणि यादीतलं नाव खोडायला त्यांनी पेन उघडलं.

या खिडकीपासून त्या दारापर्यंत मी नुसत्या येरझाऱ्या घालत होते. शेवटी राहवलं नाही.

“मलाही कळला नव्हता.”

अप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं पेनाला टोपण लावलं आणि धडा काढून तपासला; तिसऱ्या ओळीनंतरची एक पायरीच गळली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही अळणावरला उतरलो आणि तिथून चालत त्या गावी गेलो.

ती अंगणात भात वाळत घालत होती. कोण, कुठले, हे अप्पांनी सांगितलं आणि मला पुढे केलं. “आता तूच बोल.”

“त्या धड्यात एक पायरीच सुटलीय,” मी म्हटलं. “मलाही तो कळला नव्हता. खेळायला जायचं होतं म्हणून मी खोटं सांगितलं.”

ती रागावली नाही, हे मला जास्त लागलं.

“आता हे सर सांगतील, अक्का, मला कळेल पण,” ती म्हणाली. “पण मला डोकं हाय म्हणून आमच्या घरात कोण सांगणार?”

तिचे वडील सोप्यात पान लावत बसले होते. अप्पा काही बोलायच्या आत मी तिच्या वडिलांसमोर जाऊन उभी राहिले.