तात्या फोटोवाले आणि सगळ्याला चालणारी लेन्स

श्रीगोंद्याच्या एसटी स्टँडमागे तात्यांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे पत्र्याची एक खोली आणि तिच्या मागे काळा पडदा लावलेली दुसरी. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की तात्या दोन बोटांनी त्याची हनुवटी धरायचे, तोंड खिडकीकडे वळवायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे, "डावा डोळा बारीक हाय. नाक उजवीकडं कलतंय. कपाळावर खोक. फुडच्या दातात फट. ठीक हाय, हालू नका." बाकावर नंबर लावून बसलेली माणसं खो खो हसायची आणि आपली पाळी आली की गप्प व्हायची. गावात याला 'तात्यांचा पंचनामा' म्हणत. नवरदेव असो नाहीतर कारखान्याचा डायरेक्टर, पंचनाम्यातून कुणाची सुटका नव्हती.

एकदा एका बड्या घरची बाई नटूनथटून आली. तात्यांनी तिची हनुवटी धरली आणि विचारलं, "बाई, दोन हायेत. यातली कोनची काढू?" बाई तणतणत निघून गेल्या. महिन्याभराने त्याच बाई मुकाट्याने परत आल्या, कारण दुसऱ्या फोटोवाल्याने त्यांचं तोंड पीठ फासल्यासारखं काढलं होतं. तात्यांच्या फोटोत माणूस जसा असेल तसा यायचा. निगेटिव्हवर पेन्सिल घासून डाग, सुरकुत्या घालवायची कला त्या काळी प्रत्येक फोटोवाल्याकडे असे. तात्यांना ती उत्तम येत होती, पण ते करत नसत. कुणी गळ घातली की म्हणायचे, "तोंडावर लिवलेलं खोडनारा मी कोन? त्येच्यासाठी देवाकडं जा."

मी तिथल्या हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर होतो. आई-वडील गेलेले. घरात मी आणि माझी धाकटी बहीण सुमन. तिला लहानपणी देवी आल्या होत्या आणि जाताना तोंडभर वण ठेवून गेल्या होत्या. ती पंचविशीला आली, जिल्ह्यातल्या कितीतरी स्थळांना फोटो पाठवून झाले, तरी कुठे जमत नव्हतं. तिचं झाल्याशिवाय माझं करायचं नाही, अशी रीत. त्यामुळे तिच्या लग्नाची काळजी मला दुहेरी होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मला फोटोचा नाद होता. जुना जर्मन कॅमेरा मिळवला होता, पण त्याला एकच साधी लेन्स. मला हवी होती झूम, कडं सरकवून जवळचं-लांबचं दोन्ही घेणारी. शाळेचं गॅदरिंग, खेळांच्या स्पर्धा, तळ्यावरचे बगळे, घरातली माणसं, सगळं एकाच लेन्सने काढायचं आणि ती मास्तरच्या पगारात बसली पाहिजे. हे तात्यांना सांगितलं, तेव्हा ते डिशमध्ये फोटो धुत होते. दुष्काळाचं वर्ष होतं, टँकरचं पाणी यायचं, आणि तात्या एका घागरीत पंचवीस फोटो धुवायचे.

"मास्तर, घरी तवा येगळा आन् कढई येगळी का ठिवत्यात?" ते म्हणाले. "तुमी तव्यात भजी तळायला निगालाय. सगळ्याला चालती ती लेन्स कशालाच धड चालत न्हाई. एक ना धड भाराभर चिंध्या."

"पण तात्या, दोन-तीन लेन्स घेणं मला कुठं परवडतं?"

"मग एकशेपस्तीस मिलिमीटरची साधी घ्या, झूमबिम नको. तोंडं झ्याक येत्यात. आन् कमी-जास्त करायचं आसंल तर चार पावलं चाला. पाय काय निस्तं चपला झिजवाया दिल्यात?"

मी ऐकत नाही म्हटल्यावर, चार शिव्या घालून का होईना, त्यांनी मला लेन्स कशी पारखायची ते शिकवलं. बॅटरीचा उजेड आरपार टाकून आत बुरशी आहे का पाहायचं. लेन्स खाली धरल्यावर तिचं कडं आपोआप घसरत नाही ना, ते पाहायचं. आणि शेवटची परीक्षा म्हणजे दुकानाच्या भिंतीला वर्तमानपत्राचं पान लावून फोटो काढायचा, धुवून बघायचा, कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचता आलं तरच पैसे द्यायचे. "निस्तं डोळं लावून घिऊ नका," त्यांनी बजावलं. "डोळ्याला सगळंच ग्वाड दिसतंय."

पुण्याच्या एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात मला तीन झूम दाखवल्या. एक नामांकित, तिची किंमत ऐकूनच मी हात मागे घेतला. दुसरी ऐंशी ते दोनशेची, वरवंट्याएवढी जड आणि घरात कुचकामी. तिसरी जपानी, नाव कधी न ऐकलेलं. पंचावन्न ते एकशेपस्तीस, हलकी, माझ्या कॅमेऱ्याच्या आट्यांना बसणारी आणि माझ्या आवाक्यातली. बुरशी नव्हती. कडं घसरत नव्हतं. राहिली वर्तमानपत्राची परीक्षा. माझ्या पिशवीत पान होतं, टाचण्यासुद्धा होत्या. पण तेवढ्यात मालकाने खुर्ची दिली, चहा मागवला, गावाकडच्या पाऊसपाण्याची चौकशी केली. त्याचा चहा पिऊन त्याच्याच भिंतीवर त्याच्या मालाची परीक्षा घ्यायची, हे मला बरं दिसेना. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मी लेन्स घेतली आणि आभार मानून बाहेर पडलो.

घरी येऊन ते पान भिंतीला लावलं. पंचावन्नला अक्षर ठीक होतं. एकशेपस्तीसला, आणि त्यात उजेड आत सोडणारी झडप पूर्ण उघडी असली की, सगळी अक्षरं पाण्यात भिजल्यासारखी. तात्यांनी तो फोटो नाकाशी धरून पाहिला. "मास्तर," ते म्हणाले, "तुमच्या लेन्सला मोतीबिंदू झालाय." बाकावरची माणसं हसली. मला ते फार लागलं.

त्यानंतर आठवड्याभरात, उन्हं उतरताना सुमन ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. उजेड कमी होता म्हणून मी झडप पूर्ण उघडली, कडं एकशेपस्तीसवर नेलं आणि तिचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यांच्या काळ्या खोलीत, लाल दिव्याखाली, कागदावर तिचं तोंड उमटायला लागलं आणि माझा विश्वासच बसेना. एकही वण नव्हता. नितळ, सायीसारखं तोंड, त्यावर मंद उजेड. माझी बहीण सुंदर दिसत होती.

"हा मी स्थळाला पाठवणार," मी म्हणालो.

तात्या कागद चिमट्यात धरून उभे होते. "मास्तर, ह्यो धाडू नका. ही तुमची भैन न्हाई."

"का? यात पेन्सिल लावलीय? रिटचिंग केलंय? लेन्सला दिसलं ते तिने काढलं."

"मोतीबिंदूवाल्याच्या साक्षीवर पोरगी द्येता व्हय?" मग कधी नव्हे ते हळू आवाजात बोलले. "मी पुन्यात रिटचिंगला हुतो तवा एका पोरीच्या बापानं माझ्यासाठी तिचा फोटो धाडला. नितळ तोंड. मी सोता पेन्सिल घासनारा, आन् मला वळखू आलं न्हाई. अंतरपाट निगाला तवा वन दिसलं. मी कायबी बोललो न्हाई. हात उगारला न्हाई. निस्तं तिच्याकडं बघायचं सोडलं. बारा वर्सं ती माझ्याम्होरं तोंडावर पदर वढून भाकरी थापत हुती. मेली तवा मी पयल्यांदा पदर बाजूला केला. तवापास्नं पेन्सिल धरली न्हाई."

मी हे ऐकलं आणि तरीही म्हणालो, "तुम्हाला माझी लेन्स बघवत नाही, तात्या. दुसरं काही नाही." फोटो ओला असतानाच मी घेऊन निघालो. तो फोटो काढण्यात माझा काही लबाडीचा हेतू नव्हता, पण पाठवण्यात होता, आणि तो मला तेव्हाच माहीत होता.

कर्जतकडच्या एका ग्रामसेवकाचं स्थळ होतं. फोटो पाहून आठ दिवसांत होकाराचं पत्र आलं, 'मुलगी पसंत, रीत म्हणून बघून जातो.' मुलगा, त्याचे वडील आणि मामा आले. सुमन पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली, पाट ओढून बसली. मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ही धाकली आसंल. फोटूतली पोरगी कुटंय?"

मी म्हणालो, "हीच."

मामांनी खिशातून फोटो काढला. "पोरी, जरा उजेडात ये," म्हणाले. ती उठून दारात जाऊन उभी राहिली. मामांनी फोटो तिच्या गालाशेजारी धरला, एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं आणि तो मुलाच्या हातात दिला. मुलाने बघून बापाला दिला. तिघांचं होईपर्यंत ती दारात तशीच उभी होती. रस्त्यावरून जाणारी दोन माणसंही थांबून बघत होती. मामा म्हणाले, "मास्तर, आमी गुरं घ्येताना बी दात मोजून घ्येतो." पोह्यांना कुणी हात लावला नाही. फोटो पाटावर टाकून ते निघून गेले.

बारा-पंधरा दिवस सुमन ओट्यावर आली नाही. मग एका सकाळी म्हणाली, "दादा, मला तात्यांकडं ने. मला माझा फोटो काढायचाय."

ती स्टुलावर बसली तेव्हा बाकावरची माणसं जमिनीकडे बघायला लागली. तात्यांनी तिची हनुवटी धरली नाही. म्हणाले, "खिडकीकडं बघा." मग नेहमीच्याच आवाजात, "वन हायेत. गालावर लई, कपाळावर कमी. डोळे चांगले हायेत. लई चांगले हायेत. ठीक हाय, हालू नका."

सुमन म्हणाली, "वण मोजायचे राहिले, तात्या."

"मोजून काय करता? त्ये काय रजेवर जानार हायेत?"

सुमन मोठ्याने हसली आणि तात्यांनी बटण दाबलं. त्यांच्या जुन्या एकशेपस्तीसच्या लेन्सने काढलेल्या त्या फोटोत तिचा एकेक वण मोजता येत होता, आणि ती हसत होती. मी तो कुठल्याच स्थळाला पाठवला नाही. माझ्या टेबलाच्या खणात तळाशी घातला.

दोन महिन्यांनी रविवारी सकाळी तात्या आमच्या घरी आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. मध्यस्थ नाही, कुणी वडीलधारं नाही. ओट्यावर बसले आणि खाकरून स्वतःचाच पंचनामा सांगितला. "वय चाळीस. बिजवर. प्वार न्हाई. दाढा दोन पडल्यात. दारू न्हाई, बिडी हाय. जीभ वंगाळ. जात तुमचीच." मग म्हणाले, "मास्तर, तो फोटू तुमी कुटं धाडला न्हाई, मला ठावं हाय. तुमच्या भैनीची ना नसंल तर मला द्या."

मी आतून पेटलो. शाळेतल्या मास्तरची बहीण पत्र्याच्या खोलीतल्या बिजवर फोटोवाल्याला द्यायची? एवढंच असतं तर मी नाही म्हणून मोकळा झालो असतो. पण मोतीबिंदूचा तो विनोद, ग्रामसेवकाच्या मामाने केलेला अपमान, तात्यांचंच म्हणणं खरं ठरलं ही जळजळ, सगळं एकदम वर आलं. आणि त्यांनी काळ्या खोलीत विश्वासाने हातात दिलेली एक गोष्ट माझ्याकडे होती. मी तीच उचलून त्यांना मारली.

"एकीला बारा वर्षं पदराआड ठेवून मारलंत," मी म्हणालो. "आता दुसरी पाहिजे का?"

तात्या चिडले नाहीत. टोपी सारखी केली, "व्हय. बराबर हाय तुमचं," म्हणाले आणि उठून गेले.

त्यानंतरही माझे रोल तेच धुवायचे. पण माझ्या फोटोंना नावं ठेवायचं त्यांनी बंद केलं. लेन्सवर शेरा नाही, शिवी नाही. "या मास्तर, बसा मास्तर," आणि पाकीट हातात. ज्या माणसाने कुणाचीही भीड ठेवली नाही, तो माझ्याशी सभ्यपणे वागत होता आणि मला ते सहन होत नव्हतं. हळूहळू माझा फोटोचा नादच सुटला. सुमनचं कुठे जमलं नाही. दोन वर्षांनी मी माझं लग्न उरकून घेतलं. ती आमच्यातच राहिली, माझी मुलं तिनेच न्हाऊमाखू घातली.

तात्या पंचेचाळिशीतच गेले. हार्ट अटॅक. स्टुडिओच्या दाराशी बसलेले असताना. मी ती बातमी घरी घेऊन आलो तेव्हा सुमन अंगणात माझ्या धाकट्याला भात भरवत होती. मी सांगितलं. तिने हातातला घास खाली ठेवला.

"दादा, ते आले होते त्या दिवशी मी दाराआडच होते," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी चहाचं आधण टाकलं होतं."

मी म्हणालो, "तुझी तयारी होती?"

"होती."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "त्यांनी 'भैनीची ना नसंल तर' म्हटलं होतं. तू जिल्हाभर माझा फोटो फिरवलास, दादा. मला कधी एकदा तरी विचारलंस?"