वीस फेऱ्या आणि एक खिडकी

शीलाबद्दल कॉलेजात आता कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून मीच सांगते. शिरगावची शीला साळवे. अंबरनाथच्या आमच्या कॉलेजात बारा वर्षं कंत्राटावर लॅब असिस्टंट, माझ्या शेजारच्याच टेबलावर.

मार्चमधल्या प्रॅक्टिकलला प्रश्न होता, एका कामातून वीस नवी कामं काढून दाखवा. संगणकात नवं काम आभाळातून पडत नाही. चालू काम स्वतःची हुबेहूब प्रत काढतं, तो फोर्क. मग ती प्रत जुनं रूप टाकून दुसरंच काम होते, तो एक्झेक. प्रत्येकाला सर्व्हरमध्ये एक जागा लागते, आणि जागा मोजक्याच.

प्रगती वांगणीच्या वरच्या पाड्यावरची. तिची ही शेवटची संधी होती. पोरीनं प्रत काढायच्या वीस फेऱ्या लिहिल्या, पण प्रतींना फेरीबाहेर काढायला विसरली. मग प्रतींनीही प्रती काढल्या! दर फेरीला दुप्पट. वीस फेऱ्यांत आकडा दहा लाखांच्या वर जातो. जागा संपेपर्यंत त्या वाढल्या आणि प्रत्येक कामाला तासभर झोपायचा, म्हणजे नुसतं थांबायचा हुकूम प्रश्नातच असल्यानं तिथंच ठिय्या देऊन बसल्या.

एरवी हे एकट्या प्रगतीच्या खात्यावर अडलं असतं. पण पोरं पासवर्ड विसरतात म्हणून आम्ही सगळ्यांना एकच खातं दिलेलं. एका खात्यावर किती कामं चालवायची याची मर्यादा पुरेना, तर तीही काढून टाकलेली. शहाणपणाच!

अडीचला बावीस पोरांचे प्रोग्रॅम चालेनासे झाले. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "मशीन बंद करून चालू करा. साडेतीनला मी निघणार." तो म्हातारा सर्व्हर उठायलाच तास घेतो. म्हणजे अख्खी बॅच नापास, आणि प्रगती कायमची घरी. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

अ‍ॅडमिनची, म्हणजे सर्व्हरला थेट हुकूम देता येणारी एकच खिडकी उघडी होती, शीलाच्या टेबलावर.

"मार ना त्या प्रती!" मी ओरडले.

"कशानं मारू, उमा? मारायचा हुकूम हेही नवंच काम. त्याला बसायला जागा कुठाय?"

तिनं उघड्या खिडकीकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "नवी प्रत काढायचीच नाही. ही खिडकी चालू कामच आहे, तीच हुकूम होईल. सरळ एक्झेक."

"आणि नंतर खिडकी?"

"जाईल. एक अक्षर चुकलं तरी जाईल, आणि दुसरी उघडणार नाही."

तिनं ओढणीला बोटं पुसली. ओळ टाइप केली, एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. तिनं एंटर दाबला आणि खिडकी नाहीशी झाली.

दोन सेकंद काहीच नाही. मग मागून प्रगतीचा रडका आवाज आला, "ताई, चाललं! माझं चाललं!"

मला रडूच फुटलं. पण परीक्षक प्रगतीकडे बोट दाखवत उठले. "हिनंच केलं ना हे? हिला बाहेर काढा."

"सर, फेऱ्या तिच्या चुकल्या, त्याचे मार्क कापा," शीला म्हणाली. "पण मर्यादा लॅबनं काढली होती. ती असती तर प्रती मारायला जागा उरली असती, दोन मिनिटांत निभावलं असतं. ही चूक लॅबच्या नावावर लिहा."

"लॅब म्हणजे कोण? नाव सांगा."

शीलानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "शीला साळवे," ती म्हणाली.

प्रगती पास झाली. जूनमध्ये शीलाचं कंत्राट वाढवलं नाही.

ती मर्यादा मी काढली होती. शीला नको नको म्हणत असताना, माझ्या या हातांनी. आणि त्या दुपारी मी तोंडातून ब्रसुद्धा काढला नाही.