ब्राँझची बाई आणि चिंचेचा कोळ

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय ते तुम्ही फार भले आहात म्हणून नव्हे — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि मधेच "अगं, होतं असं" म्हणू नका. मला त्याची चीड येते.

नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या एका बंगल्यात मी नोकरी करते. मालक जुन्या युरोपी वस्तू जमवतात — निजामाच्या काळात इकडच्या बड्या घरांत आलेली फ्रेंच घड्याळं, जर्मन चिनी मातीची भांडी, तैलचित्रं. परदेशी शौकीन त्या बघतात. काही व्हिडिओवर, काही हैदराबादला उतरून गाडीनं येतात. प्रत्येक वस्तूची हकीकत त्यांना इंग्रजीत सांगायची, हे माझं काम. लातूरला एम.ए. केलं होतं मी. ऐट होती. का नसावी?

आणि झाडपूस करायला गयामावशी. किल्लारीची. सहीच्या जागी अंगठा.

एकदा एक बेल्जियमचा म्हातारा आला होता. एका फुलदाणीवर मी चांगली दहा मिनिटं बोलले. मावशी फडकं घेऊन पुढं आली, आणि बाजारात माठ घेताना वाजवतात तशी बोटानं ती फुलदाणी वाजवली. "ही फुटल्याली हाय मॅडम. वरून लिंपलीय." म्हाताऱ्यानं बॅटरी मारून बघितलं. केसाएवढी चीर, वरून रंगवलेली. आणि मी काय सांगत होते? निर्दोष! म्हाताऱ्यानं मावशीला हात जोडले. पुढं जो येईल तो विचारायचा — ती बोटानं वाजवणारी बाई कुठंय?

हेवा म्हणता? हेवा फार साधा शब्द झाला. मला तिच्या चपलांचा आवाजसुद्धा सहन होईना. चहा आणून ठेवायची, तो मी मुद्दाम गार करून बेसिनमध्ये ओतायचे. तिला दिसेल असा.

सांगते. मूळ गोष्टच सांगते — जरा दम धरा.

ब्राँझची एक बाई होती, हातभर उंचीची. फ्रान्सची. अंगावर गडद तपकिरी रंग — तो मळ नसतो, कारागिरानं मुद्दाम चढवलेला असतो, वर शंभर वर्षांनी मुरलेला. त्या रंगालाच खरी किंमत. हे मला माहीत होतं. मावशीला कुठून असणार? तिच्या घरी दिवाळीला तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं घासतात. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तिनं मला विचारलं. नीट, दारात उभं राहून विचारलं — "मॅडम, ही बाई लई काळी पडलीय. चिंचेनं घासू का? का असंच ऱ्हाऊ देऊ?"

मी मोबाईल बघत होते. मान वर केली. तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, घास की. चांगली लख्ख घास.

मग काय? दुसऱ्या दिवशी ती बाई देवघरातल्या समईसारखी चकाकत होती. मालकांचा चेहरा पांढरा पडला. मग तोंड सुटलं — अडाणी, दळभद्री, नाही नाही ते. पाहुण्यांच्या देखत. मावशी म्हणाली, "मॅडमला इचारलं व्हतं की." सगळे माझ्याकडं वळले.

मी म्हणाले — मला? कधी?

बस्, एवढंच. तिचं काम त्याच दुपारी सुटलं. मालकांनी शेजारीपाजारीही सांगून ठेवलं, त्या रस्त्यावर पुन्हा कुणी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. मी मात्र आहे तिथंच. वर आता प्रत्येक फुलदाणी मीच बोटानं वाजवून दाखवते. पाहुणे माना डोलावतात. मला त्या आवाजातलं काही म्हणजे काही कळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात माहेरी अहमदपूरला गेले होते. एसटी स्टँडच्या बाहेर माठ घ्यायला वाकले, तर पलीकडं मावशी. बहिणीच्या दुकानावर माठ विकत होती. वाळली होती पार. वाटलं, आता चार शिव्या हासडेल. हासडायला पाहिजे होत्या! मी उलटून बोलायची तयारीही केली होती.

तिनं शिवी दिली नाही. माठावर हात ठेवून म्हणाली, "एकच इचारते मॅडम. त्या दिशी तुमच्या खरंच ध्यानात नव्हतं का?"

भर दुपार, समोर ती एकटी. मालक नाही, पाहुणे नाहीत. खरं बोलले असते तर माझं काय वाकडं होणार होतं?

मी म्हणाले, नव्हतं.

 तिनं समोरचा माठ बोटानं वाजवला, बाजूला सारला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली.

माझ्या ध्यानात होतं. तेव्हाही, त्या दुपारीही.