आपोआप हिरवं

वय विशीचं, पण अख्खा वर्ग तिला काकू म्हणायचा. कुणी उशिरा आलं की ही कमरेवर हात ठेवून उभी. कुणाचं काम अर्धवट दिसलं की आधी त्याची खरडपट्टी काढायची आणि मग बसून स्वतःच ते पुरं करून टाकायची. गटाने करायच्या प्रकल्पात अशी माणसं फार लाडकी असतात, का ते सांगायला नको. शेवटच्या वर्षाला तिच्या गळ्यात दोघं पडले. एक राजे. त्याला बोलायला उभं करावं, काम मात्र सांगू नये. दुसरा जांभई. हा हुशार होता, जागा असला तर.

प्रकल्प एका वृद्धाश्रमासाठी होता. गोळीची वेळ झाली की दालनातल्या मोठ्या पडद्यावर त्या आजीचं किंवा आजोबांचं नाव लाल व्हायचं. नर्सने गोळी देऊन आपल्या टॅबवर त्या नावाला बोट लावलं की ते हिरवं. साधा सरळ मामला.

सादरीकरणाच्या दिवशी नेमका टॅब रुसला. कितीही बोटं लावा, नाव आपलं लाल. बाहेर सर येऊन बसलेले, शेजारी वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाई. राजेने मामाचा कोट चढवला होता, तो घामाने पाठीला चिकटला. तोडही त्यानेच काढली. कुणी बोट नाही लावलं तर थोड्या वेळाने नाव आपोआप हिरवं होऊ दे. सरांना काय कळतंय? जांभईने दोन ओळी खरडल्या. काकूने दाराकडे पाहिलं, "नंतर काढून टाकू," म्हणाली आणि मान हलवली.

सादरीकरण झकास झालं. राजे तर असा बोलला की, त्याच्यामागे आणखी दोघं आहेत हे त्याचा तोच विसरला. मेट्रनबाईंनी मुलगी पसंत पडावी तसा प्रकल्प तिथल्या तिथे पसंत केला आणि लगेच वृद्धाश्रमात बसवूनही घेतला.

सरांचा नियम कडक होता. प्रकल्प जमा झाला की निकालापर्यंत त्याला हात लावायचा नाही. लावला, किंवा सादरीकरणातली लबाडी उघडी पडली, तर अख्खा गट नापास. आणि काकूची नोकरी त्या निकालावर अडलेली. तिच्या आईने ती नोकरी शेजारणींना सांगून सांगून रुजू व्हायच्या आधीच जुनी करून टाकली होती.

मग एका दुपारी कँटीनमध्ये चहा ढवळता ढवळता जांभई म्हणाला, "ते आपोआपचं काढलंस ना गं?"

"मला वाटलं तू काढलंस."

राजेने दोघांना गप्प बसायला सांगितलं. निकाल लागू दे, मग बघू. काकूने चहा तसाच टाकला आणि थेट वृद्धाश्रम गाठला.

मेट्रनबाईंनी मोठ्या कौतुकाने तिला दालनात नेलं. आता कागदावर खुणा करायची कटकट नाही, म्हणाल्या, आणि काम इतकं हलकं झालंय की वरच्या मजल्यावर एकच नर्स पुरते. काकूचं लक्ष पडद्यावर होतं. एक नाव लाल झालं. पडद्याखालच्या खुर्चीत नर्स चादरींच्या घड्या घालत होती. ती उठली नाही. नाव हिरवं झालं.

"ताई, तुम्ही बोट लावत नाही?"

"कशाला? होतं की आपोआप. हात मोकळा झाला की गोळ्या देते मी."

अजून कुणाला काही कळलं नव्हतं. नमस्कार करून निघता आलं असतं. ती क्षणभर दाराकडे वळलीसुद्धा, मग तिने मेट्रनबाईंना सगळं सांगितलं.

बाईंचं हसू जागच्या जागी वाळलं. "मग आज कुणी घेतल्यात आणि कुणी नाही?"

नर्स बोटांवर आठवायला लागली आणि मध्येच थांबली. सकाळची पाळी दुसरीची. तीही पडदा बघून घरी गेलेली. प्रत्येक प्रकारची गोळी सगळ्यांसाठी एकाच मोठ्या बाटलीतून काढलेली, तेव्हा मोजूनही पत्ता लागणार नव्हता. पुन्हा द्याव्यात, तर हृदयाची गोळी दुबार गेलेली महागात पडायची.

बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. काकूने सरांना. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेखी दे. तिघंही गेलात, एवढं समजून दे."

"देते, सर."

खिडकीपाशी एक आजोबा बसले होते, पूर्वीचे घड्याळजी. त्यांची नखं निळसर दिसत होती. काकू त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली.

"आजोबा, सकाळची गोळी घेतलीत का?"

त्यांनी तिच्या डोक्यावरून पडद्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "घेतली असणार, बाळ. हिरवं आहे ना."

तिने पलीकडच्या आजींना विचारलं. त्यांनीही आधी पडदाच पाहिला.