सरासरीतला मासा

गुणवंत खानापुरेला पाण्यातलं सगळं कळतं, फक्त मासा सोडून. हे वाक्य त्याचं स्वतःचंच, आणि ते तो ओळखीच्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकवतो. क्योतोच्या विद्यापीठात तो नऊ वर्षं तळ्यांच्या पाण्याचं तापमान मोजतोय. वसंतात मासे किती खोलीवर असतात, यावर त्याचा एक शोधनिबंधही आहे. तो आजवर बाराएक जणांनी वाचला असावा. त्यात त्याची बायको सुचेता धरलेली आहे, आणि तिने पहिलं पान वाचून "छान आहे" म्हटलं होतं.

बिवा तळ्याच्या कडेला लव्हाळ्यांनी वेढलेलं एक लहान तळं आहे. तिथल्या लाकडी धक्क्याला गुणवंतने दोन वर्षांपूर्वी तापमापकांच्या वायरी बांधल्या. धक्का गळ टाकून बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मंडळाचा. या वसंतात त्यांची तक्रार आली, की गळाच्या दोऱ्या वायरीत गुंततात, तेव्हा वायरी काढाव्यात. रविवारी दुपारी सभा ठरली. वायरी निघाल्या तर प्रकल्प बंद, प्रकल्प बंद तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट नाही, आणि मग चौथीतल्या लेकीला, पूर्वीला, शाळेतून काढून सांगलीला परत. गुणवंतला सरळ भीती वाटत होती. आठवडाभर त्याला नीट जेवण जात नव्हतं.

मंडळाचे प्रमुख मोरिशिता-सान अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांनी आधीच सांगून ठेवलं, "खानापुरे-सान, सकाळपासून आमच्याबरोबर बसा. एक मासा काढा. जो आमच्यात बसतो, त्याच्या वायरींचा त्रास आम्हाला कमी वाटेल."

मासा म्हणजे हेराबुना, रुपेरी आणि चपटा. पकडायचा, कौतुकाने बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा.

"खायचा नाही, मग त्या बिचाऱ्याला त्रास कशाला?" सुचेताने विचारलं.

"जॉबसाठी," गुणवंत म्हणाला.

हेराबुनाला आमिष पिठाचं लागतं. गुणवंतने प्रयोगशाळेतला वजनकाटा घरी आणून पीठ आणि पाणी ग्रॅमवर मोजलं आणि गोळा मळला. उभ्या आयुष्यात त्याने कणीक भिजवली नव्हती. सुचेताने गोळ्यावर टिचकी मारली, तर टक्क आवाज आला.

"अरे, हा मासा पकडायला आहे की मारायला?" असं म्हणून तिने तो पाण्याचा हात लावून दोन मिनिटांत मऊ करून दिला. गुणवंतने त्याबद्दल वाद घातला नाही. नाही म्हणायला काटा मात्र पुसून ठेवला.

रविवारी पहाटे तीन दिवसांचा कोमट पाऊस थांबला होता आणि तळं चहासारखं गढूळ झालं होतं. मोरिशिता-सान लव्हाळ्यांपाशी बसले आणि त्यांनी गळ जेमतेम हातभर खोल सोडला. बाकीचे चौघेही तिकडेच सरकले. गुणवंतने मात्र धक्क्याचं टोक गाठलं आणि टेपने मोजून गळ अडीच मीटरवर सोडला. निबंधात अडीचच होतं.

वसंतातला हा मासा आळशी. तो आमिष ओढत नाही, नुसता तोंड लावतो, आणि तरंगणारी काडी केसभर हलते. त्या केसभरासाठी गुणवंत तीन तास डोळे ताणून बसला. काडी एकदा हलली, पण ती त्याच्याच शिंकेने. लव्हाळ्यांकडे मासे येत होते, सुटत होते, म्हातारे माना डोलावत होते.

दहा वाजता सुचेता डबा घेऊन आली. बरोबर पूर्वी.

"बाबा, त्सुरेता?" तिने विचारलं. मिळाला का, असं.

"अजून नाही गं."

"मोरिशिता-आजोबांना नऊ मिळाले," पूर्वी मराठीत म्हणाली. वाईट बातमी ती नेहमी मराठीतच द्यायची.

अकराच्या सुमारास मोरिशिता-सान स्वतः टोकापर्यंत चालत आले. "पाणी बदललंय, खानापुरे-सान. तिकडे उथळ पाण्यात या."

आता अक्कल असलेला माणूस उठला असता. गुणवंतने हसून, वाकून, त्यांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली खोली समजावून सांगितली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला! मोरिशिता-सान "सो देस का", म्हणजे 'असं होय', म्हणाले आणि परत गेले. सुचेताने कपाळाला हात लावला.

बारा वाजता सभा धक्क्यावरच बसली. पाच म्हातारे, मधे चहाचा थर्मास, आणि समोर एकही मासा न काढलेला शास्त्रज्ञ. तक्रारी वाचून झाल्या. मग मोरिशिता-सानांनी एकच विचारलं, "आज सकाळी तुमच्या वायरी काय सांगत होत्या?"

गुणवंतचा हात खिशाकडे गेला. वायरी दर दहा मिनिटांनी त्याच्या फोनवर आकडे पाठवायच्या, आणि फोन पहाटेपासून खिशात होता. त्याने तो आत्ता उघडला. वरच्या हातभर पाण्यात सोळा अंश. अडीच मीटरवर नऊ. त्या थंडीत कुठला शहाणा मासा जाऊन बसेल? 'वायरी बंद पडल्या होत्या' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तो एवढाएवढासा आकडा त्या वयात कुणाला दिसणार होता?

त्याने फोन मोरिशिता-सानांच्या हातात दिला.

"वायरी बरोबर सांगत होत्या," तो मोडक्या जपानीत म्हणाला. "मी बघितलंच नाही. माझ्या निबंधातली पाच वर्षांची सरासरी पाठ करून आलो होतो."

"आई, बाबा म्हणतोय त्याने बघितलंच नाही," पूर्वीने भाषांतर केलं.

"काखेत कळसा," सुचेता पुटपुटली, पण तिचा हात त्याच्या पाठीवर होता.

मोरिशिता-सानांनी चष्मा कपाळावर चढवून आकडे दोनदा वाचले. फोन हातोहात फिरला. एक म्हातारा म्हणाला, "सोळा. बरोबर आहे. सकाळी हाताला तेवढंच लागलं."

"वायरी राहू देत," मोरिशिता-सान म्हणाले. "वायरींची काही चूक नाही."

मग त्यांनी मत मागितलं. एकेक करत पाच हात वर गेले. सुटकेच्या भरात गुणवंतनेही हात वर केला. आपण मंडळात नाही, आपल्याला मतच नाही, हे लक्षात येऊन तो ओशाळला आणि हात खाली घेऊ लागला.

"असू द्या वर," मोरिशिता-सान म्हणाले, आणि त्यांनी मोठ्याने सहा मोजले.