नीलिमाचं चाळीस तासांचं ड्रॉइंग

मी कृष्णात थोरात. फौजेतनं सुटून आलो आणि इस्लामपूरच्या एका वर्कशॉपात फोरमन झालो. साखर कारखान्यांचे गिअरबॉक्स बनवायचो आमी. तोंडानं मी फाटका माणूस, हे आधीच सांगून ठेवतो. पण ही गोष्ट माझी न्हाई, नीलिमा वाघमारेची हाय. चांगल्या माणसाबद्दल बोलायचं तर खरं बोलावं लागतं, आणि खरं बोलायला मला लय वर्षं लागली.

नीलिमा कडेगावची. बाप नागसेन गवंडीकाम करायचा. त्यानं पोरीला सांगलीच्या आयटीआयत ड्रॉइंग शिकायला घातलं, तर भावकी हसली. म्हणली, "पोरीला नकाशे शिकवून काय करतूस?" तो म्हणला, "मी दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावर जल्म काढला. हिला काढू द्या की."

चौऱ्याण्णवला ती आमच्याकडं लागली. ड्रॉइंगच्या खोलीत ती एकटीच. पहिल्या दिवशी माझ्या मनात काय काय आलं, ते आता सांगायची लाज वाटते. पण महिन्याभरात कळलं की हिचा कागद लेथवर आला की टर्नरला परत विचारायला जावं लागत न्हाई. असं ड्रॉइंग मी तोवर बघितलं न्हवतं.

दोन वर्षांनी आमाला कामं देणाऱ्या पुण्याच्या कंपनीचा निरोप आला. आता कागद नको, नव्या सॉफ्टवेअरमधलं ड्रॉइंग फ्लॉपीवर द्या. आमच्या मालकांकडं एक जुना कॉम्प्युटर हुता, पगारपत्रकासाठी घेतलेला. सॉफ्टवेअर चढवायला आलेला माणूस तो बघून हसला. "हे यावर चालायचं न्हाई. सायकलला उसाची ट्रॉली जोडताय तुमी." मालक वीरधवल आमचे हट्टी. म्हणले, "नवा घेणार न्हाई. दसऱ्यापर्यंत जमलं तर ठीक, न्हाईतर ड्रॉइंगं पुण्यातच करून घेऊ आणि ही खोली बंद करू." खोली बंद म्हणजे नीलिमाची नोकरी बंद.

पोरगी इरेला पेटली. कॉम्प्युटरमधलं नको ते सगळं काढून टाकलं. मोठं ड्रॉइंग एकदम उघडत न्हवतं, तर त्याचे तुकडे पाडले. एकेक तुकडा पुरा करायचा, मग जोडायचा. एक आज्ञा दिली की चित्र परत उमटायला पंधरा मिनिटं लागायची. तेवढ्यात ही पुढचा तुकडा पेन्सिलनं काढून ठेवायची. मी दारातनं टोमणा मारायचो, "काय गं, अंडी उबवतीस व्हय?" ती मान वर न करता म्हणायची, "आवं तात्या, पिल्लू निघंल तवा बघा."

दसऱ्याच्या आधी अख्खा गिअरबॉक्स जोडून झाला. राहिलं एकच काम. पुढून बघताना मागच्या ज्या रेघा दिसायला नकोत, त्या झाकायच्या. त्यासाठी कॉम्प्युटरला एकेका रेघेचा हिशेब करावा लागायचा. नव्या मशीनला ते तासाभराचं काम, ह्याला चाळीस तास. अष्टमीला दुपारी चारला तिनं ते सुरू केलं. दसऱ्याला सकाळी पुरं झालं असतं. पुण्याचा इंजिनिअर त्याच्या दुसऱ्या दिवशी येणार हुता. लाईट गेली तरी अडू नये म्हणून ट्रकच्या दोन बॅटऱ्या जोडल्या, वर चिठ्ठी चिकटवली, "काम चालू आहे. बंद करू नये." आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी ती कडेगावला गेली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. वर्कशॉपातलं प्रत्येक मशीन बंद करून, धुऊन-पुसून पूजायचं, ही आमची रीत. त्या दिवशी हत्यार चालवत न्हाईत. लेथला हळद-कुंकू लावलं, ड्रिलला झेंडूची माळ घातली, आणि माझं लक्ष ड्रॉइंगच्या खोलीतल्या कॉम्प्युटरकडं गेलं. म्हणलं, दोन महिने पोरीनं ह्याच्यावर जीव काढलाय, हेबी मशीनच की! हे बिनपूजेचं का राहावं?

चिठ्ठी मी वाचली हुती. कॉम्प्युटरचा दिवा लुकलुकत हुता, बारीक कुरकुर ऐकू येत हुती. सगळं कळत हुतं मला. पण मी लेथवरचा माणूस. लेथ बंद केला तर हत्यार जिथं थांबलं तिथनंच पुढं चालू होतं. मला वाटलं, हेबी तसंच असणार. सकाळी दहाला बटण बंद केलं, कुंकू लावलं, नारळ फोडला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लवकर येऊन चालू केलं. पडद्यावर काळोख आणि वर चार अक्षरं. कुठला गिअरबॉक्स आणि कुठलं काय!

नीलिमा आली. तिला कॉम्प्युटरच्या डब्यावरचं कुंकू दिसलं, मग मी दिसलो. तिनं ओढणीनं ते कुंकू पुसून टाकलं. रेघा झाकायचं काम पहिल्यापासनं करायला तिनं इंजिनिअरकडं दोन दिवस मागितले, त्यानं दिले न्हाईत. तो गेल्यावर मालक कडाडले, "कुणी हात लावला ह्याला? नाव सांगा. आत्ताच्या आत्ता घरी घालवतो!"

माझ्या ज्या तोंडानं सगळ्या वर्कशॉपला शिव्या घातल्या, त्या तोंडातनं "मी" एवढंबी निघंना.

"कुणीच न्हाई, मालक," नीलिमा म्हणली. "मशीन जुनं हाय. आपोआप बंद पडलं."

मालक म्हणले, "मग तो सॉफ्टवेअरवाला खरंच बोलत हुता." महिन्याच्या आत खोलीला कुलूप लागलं.

शेवटच्या दिवशी मी एसटी स्टँडवर तिच्या मागनं गेलो. म्हणलं, "का केलंस गं पोरी असं? आत्ता जाऊन सांगतो मालकांना." ती म्हणली, "ऱ्हाऊ द्या तात्या. तुमची रिटायरला तीन वर्षं राहिलीत. ह्या वयात कुठं जाल? माझी सगळी पुढं पडलीत." मला रडू कोसळलं. चारचौघांत, फौजेतला माणूस.

ती सांगलीला एका ठेकेदाराकडं लागली, परत कागदावर रेघा ओढायला. एसटीत चढताना तिनं एकच विचारलं, "तात्या, तुमी बंद केलं तवा ते चालत हुतं न्हवं?"

"व्हय," मी म्हणलो. "अठरा तास झालं हुतं. चालतच हुतं."

"बास," ती म्हणली, आणि दसऱ्यानंतर पहिल्यांदा हसली.